‘चालेल’चा हिशेब

मराठी माणसाच्या तोंडून दिवसभरात ‘चालेल’ हा शब्द किती वेळा निघतो, ते एकदा मोजून पाहा. चहा घेणार की कॉफी? काहीही चालेल. लग्नाला शनिवारी निघायचं की रविवारी पहाटे? कसंही चालेल. पंख्याखाली झोपता की भिंतीकडे? कुठंही चालेल. या एका शब्दानं आपण स्वतःला मोठ्या मनाचे ठरवून घेतो आणि निर्णयाचं ओझं अलगद दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. निम्म्या वेळा ते खरोखर चालणार असतं. उरलेल्या निम्म्या वेळा चालणार नसतं, आणि ते आपल्याला बोलतानाच ठाऊक असतं.

मी सदतीस वर्षं बँकेत काढली. बँकेत ‘सस्पेन्स’ नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचं नेमकं काय करायचं ते त्या दिवशी ठरत नाही, ती तात्पुरती तिथं टाकायची. यातल्या ‘तात्पुरती’ या शब्दाला फार महत्त्व. ऑडिटर आला की त्याचा पहिला प्रश्न, ही नोंद किती दिवसांची? नोंद जितकी जुनी, तितकं तिचं मूळ सापडणं कठीण. कागद गहाळ होतात, माणसं बदलून जातात. माझ्या स्वतःच्या सस्पेन्स खात्यात अशी एक नोंद तीस वर्षांहून अधिक काळ पडून होती. १९९३ सालच्या एका सहलीची. ती कशी निघाली, त्याची ही हकिकत. मध्ये थोडा चीन आहे, आळंदीची वाट आहे आणि आमच्या वाशीम जिल्ह्यातलं शिरपूरही आहे. वाचकांनी जराशी कळ काढावी.

सुरुवात झाली रिसोडला, माझ्या भाचीच्या घरी. तिची मुलगी, म्हणजे नात्यानं माझी नातच, चीनमधून डॉक्टर होऊन आली आहे आणि परदेशात शिकलेल्यांसाठी इथं जी परीक्षा द्यावी लागते तिचा अभ्यास करते आहे. आम्ही तिला आत्तापासूनच ‘डॉक्टरीण’ म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती आणि तिचे पाच मित्र-मैत्रिणी ओसरीवर बसून सहल आखत होते. दोघांना कोकणात जायचं होतं, दोघींना हंपीला. एकाला घरून चारच दिवसांची परवानगी होती. मी झोपाळ्यावर पेपर उघडून बसलो होतो. कान अर्थातच तिकडे होते.

सहावा मुलगा मालेगावचा. आमच्याच वळणाचा. त्याला विचारलं तर म्हणाला, “मले काय, कुठी बी चालते.”

आमची डॉक्टरीण एकदम म्हणाली, “ते उत्तर इथं चालत नाही. जिथं तुला जायचंच आहे असं एक ठिकाण सांग. आणि जे तुला अजिबात नको आहे असं एक सांग. मग गप्प बस.”

मुलगा गोंधळला. बराच वेळ विचार करून त्यानं सांगितलं की त्याला समुद्र पाहायचा आहे. त्यानं तो कधी पाहिलेला नाही. आणि रात्रीचा प्रवास नको आहे, कारण त्याला गाडी लागते आणि अंधारात उलटी झाली तर लाज वाटते. सगळे क्षणभर गप्प झाले. बारावीपासूनचे मित्र, पण त्यानं समुद्र पाहिला नाही हे एकालाही माहीत नव्हतं. कोकण ठरलं ते त्या वाक्यानं. हंपीवाल्या दोघींनी दिवाळीनंतरचा वेगळा बेत त्याच बैठकीत लिहून घेतला.

ती मंडळी पांगल्यावर मी तिला विचारलं, “हे कुठं शिकलीस गं?”

“चीनमध्ये, आजोबा,” ती म्हणाली. “आणि सरळ नाही शिकले, फजिती होऊन शिकले.”

तिची हकिकत सांगण्याआधी माझी सांगणं भाग आहे, नाहीतर मी त्या रात्री जागा का राहिलो ते कळायचं नाही.

१९९३ च्या मे महिन्यात आम्ही तीन कुटुंबं दक्षिणेच्या यात्रेला निघालो. तेव्हा मी कारंज्याच्या शाखेत होतो. बँकवाल्यांना एलएफसी मिळते, म्हणजे रजेच्या प्रवासाचं भाडं बँक देते. ती संपत आलेली होती. माझा त्या काळातला जिवलग मित्र शेजारच्या टेबलावर बसायचा. तो, त्याची बायको, दोन मुलं. आमचे एक हेडक्लार्क, त्यांची बायको आणि मुलगी. मी, बायको, पाच वर्षांचा मुलगा आणि माझी आई. एकूण अकरा माणसं. वाशीमहून तेव्हा मीटरगेज होती. मीनाक्षी एक्सप्रेसनं काचीगुडा, तिथून मद्रास, मद्रासहून रामेश्वर, मग मदुरा, आणि शेवटी कन्याकुमारी असा बेत. एलएफसीच्या अर्जात जाण्याचं ठिकाण म्हणून मी कन्याकुमारीच लिहिलं होतं.

पैशाच्या बाबतीत आमच्याइतकी शिस्तीची टोळी भारतीय रेल्वेनं पाहिली नसेल. माणशी वर्गणी, सामायिक बटवा, आणि हिशेब माझ्याकडे. रोज रात्री लॉजवर मी दिवसाची जमाखर्चाची वही मिळवायचो. चार आण्यांचा फरक आला तर झोप नाही. केळ्यांच्या घडाचीसुद्धा नोंद होती. पैशांवरून आमचं एकदाही वाजलं नाही, याचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता.

रामेश्वरला बावीस तीर्थांची स्नानं झाली. मदुरेला मीनाक्षीचं दर्शन झालं. त्या रात्री लॉजच्या गच्चीवर मित्रानं विषय काढला. त्याच्या बायकोचा तिरुपतीचा नवस राहिला होता. परतीचं रिझर्वेशन ठरलेलं, रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. कन्याकुमारी म्हणजे बसनं जाणं-येणं, वर एक मुक्काम. “कन्याकुमारी सोडून देऊ, तिथं काय, नुसतं पाणीच तर आहे,” असं तो म्हणाला. हेडक्लार्क काही बोलले नाहीत. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

आई कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती. या सगळ्या यात्रेत तिला स्वतःला एकच गोष्ट पाहायची होती. तीन समुद्र जिथं मिळतात ती जागा. कीर्तनात ऐकून तिच्या मनात ते भरलेलं. निघण्यापूर्वी महिनाभर ती शेजारणींना तेच सांगत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “मले काय बाप्पा, तुमी न्याल तिकडं येईन.”

आणि मी म्हणालो, “चालेल.”

आम्ही तिरुपतीला गेलो. दर्शन उत्तम झालं. परत आल्यावर एलएफसीच्या बिलात मी ‘कन्याकुमारी’ खोडून ‘मदुरा’ लिहिलं आणि खाडाखोडीच्या बाजूला नियमाप्रमाणे सही केली. १९९५ मध्ये आई गेली. तीन समुद्र तिनं पाहिले नाहीत ते नाहीतच.

मित्राशी मी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी फक्त त्याच्या घरी जाणं कमी केलं. मग बदल्या झाल्या, तो अमरावतीकडे गेला, मी इकडे राहिलो. लग्नाकार्यात भेट झाली की ‘काय, कसं काय’ एवढंच. माझ्या मनात मात्र एक वाक्य पक्कं झालं होतं. याच्यामुळे माझ्या आईची कन्याकुमारी राहिली.

आता डॉक्टरणीची गोष्ट.

ती २०१८ मध्ये नानजिंगला शिकायला गेली. तिथं १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाला जोडून आठवडाभराची सुट्टी असते. ही पद्धत १९९९ पासूनची. सगळा देश एकाच वेळी घराबाहेर पडतो, त्यामुळे तिकीट, खोली, रांग, सगळ्याचीच मारामार. अशा सुट्टीत बेत न आखता निघणं म्हणजे आषाढी एकादशीला पंढरपुरात जाऊन खोली शोधण्यासारखं. म्हणून तिथली तरुण मुलं आधी बसून सहलीचा आराखडा करतात. त्याला ते ‘गोंगल्युए’ म्हणतात. हा शब्द मुळात लढाईतला आहे, किल्ला कसा घ्यायचा त्याच्या डावपेचांचा. आणि एकत्र भटकणाऱ्यांना म्हणतात ‘ल्यूयोऊ’. पर्यटनासाठीचा चिनी शब्द उच्चारायला जवळजवळ असाच आहे. सुरात थोडा फरक केला की त्याचा अर्थ होतो ‘गाढवमित्र’. पाठीवर ओझं घेऊन सोबत चालणारा तो गाढवमित्र. मला हा शब्द फार आवडला. आमच्या १९९३ च्या अकरा जणांना तो शोभला असता.

२०१९ च्या सुट्टीत ती आणि तिच्या वर्गातल्या तीन चिनी मुली ह्वांगशानला, म्हणजे पिवळ्या पर्वतावर, निघाल्या. हा डोंगर आन्हुई प्रांतात. सर्वांत उंच शिखर १८६४ मीटर, आपल्या कळसूबाईहून दोनशे मीटरनं जास्त. वर जायला दगडी पायऱ्या आहेत आणि रोपवेही आहे. सूर्योदय पाहायला लोक शिखरावर मुक्काम करतात. इथंच मतभेद. दोघींना पायऱ्यांनी चढायचं होतं, एकीला रोपवे हवा होता, आणि चौथी म्हणत होती, ‘दोउ शिंग.’

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“म्हणजे ‘काहीही चालेल’, आजोबा. अगदी तेच. शिवाय ‘सुइबिएन’ आहे. ‘तुम्ही म्हणाल तसं’.”

मला हसू आलं. चार-पाच हजार किलोमीटरवर, संपूर्ण वेगळ्या भाषेत, तोच शब्द त्याच कामासाठी घडवून ठेवलेला! तिथंही समोरच्याचा मान राखणं, चारचौघांत त्याला उताणं न पाडणं, याला मोठं मोल आहे. ‘म्यान्झ’ म्हणतात त्याला, शब्दशः अर्थ तोंड, चेहरा. आपण म्हणतो ना, तोंडावर कसं नाही म्हणायचं? तसंच.

रोपवेचं भांडण त्यांनी सरळ सोडवलं. दोघी पायऱ्यांनी गेल्या, दोघी रोपवेनं. किती वाजता, कोणत्या जागी भेटायचं ते लिहून ठेवलं, आणि रोपवेचे पैसे रोपवेवाल्यांनीच भरले. पैशांची ही पद्धत तिथं ‘एए’ म्हणून ओळखली जाते; ज्यानं त्यानं आपापला वाटा द्यायचा. त्यांच्या वडीलधाऱ्यांत हॉटेलचं बिल मीच देणार म्हणून झटापट होते, आपल्याकडे होते तशीच. तरुणांनी ती झटापट निकालात काढली आहे. जेवणाचा प्रश्न तर आधीच सुटलेला होता. आमची डॉक्टरीण शाकाहारी. तिकडे टेबलावर उकळत्या रश्शाचं पातेलं ठेवून त्यात आपापले जिन्नस शिजवून खायची रीत आहे. त्या पातेल्याचा एक प्रकार मधोमध पडदी घातलेला मिळतो. एकीकडे लालभडक तिखट रस्सा, दुसरीकडे सौम्य. त्याला ‘जोडबदकांचं भांडं’ म्हणतात. एकच चूल, एकच टेबल, आणि कुणी कुणाच्या रश्शात हात घालायचा नाही.

“मग फजिती कसली?” मी विचारलं.

फजिती त्या ‘दोउ शिंग’वालीची. ती तीन दिवस सगळ्याला हो म्हणाली. पायऱ्यांनाही हो, पहाटे साडेतीनला उठायलाही हो. नानजिंगला परतल्यावर तिनं चौघींच्या गप्पांच्या गटातून नाव काढून घेतलं आणि वर्गात बोलेनाशी झाली. दोन महिन्यांनी कळलं की तिच्या गुडघ्याला जुनी दुखापत होती. उतरतानाच्या पायऱ्यांवर ती रडत होती, तेव्हा इतरांना वाटलं घाम पुसते आहे. तिला सांगायचं नव्हतं, आणि कुणी विचारावं अशी अपेक्षा मात्र होती. त्यानंतर या मुलींनी तो नियम केला. प्रत्येकीनं एक हवंच आणि एक नकोच सांगायचं. ‘चालेल’ला मत धरायचं नाही.

२०२० च्या सुरुवातीला ती सुट्टीवर घरी आली आणि कोरोनामुळे इथंच अडकली. परत गेली २०२२ च्या अखेरीस. २०२३ च्या वसंतात तिथल्या विद्यार्थ्यांत एक नवी लाट आलेली तिनं पाहिली. शुक्रवारी रात्री गाडीत बसायचं, दोन दिवसांत शक्य तितकी ठिकाणं पालथी घालायची, झोप गाडीतच, आणि सोमवारी वर्गात हजर. याला नाव पडलं ‘कमांडो सहल’. याउलट दुसरा पंथ, जिथं जायचं तिथं लोळायचं. या दोन पंथांतली माणसं एका गाडीत बसली की भांडण ठरलेलं. म्हणून निघण्यापूर्वीच एकमेकांना विचारतात, तू कोणत्या जातीचा प्रवासी? इंग्रजी अक्षरांच्या एका स्वभावचाचणीवरूनही ताडतात, कोण बेत आखणारा आणि कोण वाऱ्यासोबत जाणारा. आपण पत्रिका जुळवतो तसलाच हा प्रकार, फक्त लग्नाऐवजी सहलीसाठी. आणखी एक शब्द तिनं सांगितला, ‘दाझ’. म्हणजे एका कामापुरता सोबती. जेवणाचा दाझ वेगळा, सहलीचा वेगळा. सहल संपली, रामराम. मैत्रीचं ओझं नाही, त्यामुळे नाही म्हणायचं भयही नाही.

हे ऐकून मी जरा अस्वस्थ झालो. सोय म्हणून ठीक आहे, पण ज्याच्याशी भांडण होण्याचीच शक्यता नाही अशा माणसाबरोबर कन्याकुमारीला जाऊन करायचं काय? डॉक्टरीणही म्हणाली, “दाझबरोबर मी एकदाच गेले. सगळं छान झालं. पण परत आल्यावर फोटो दाखवायला कुणी नव्हतं.”

आणि तिथल्या मुलांना हेही कळून चुकलं आहे की सगळेच प्रश्न आपापसात मिटत नाहीत. २००६ च्या जुलैमध्ये नान्निंग शहराजवळच्या एका दरीत गाढवमित्रांची एक टोळी नदीकाठी तंबू ठोकून झोपली. रात्री पूर आला आणि एक तरुण मुलगी वाहून गेली. तिच्या आईवडिलांनी बरोबरच्या सगळ्यांवर दावा केला. खालच्या कोर्टानं सोबत्यांना जबाबदार धरलं. २००९ मध्ये वरच्या कोर्टानं त्यांची चूक मानली नाही, तरी माणुसकी म्हणून थोडी भरपाई द्यायला लावली. सोबत निघालेली माणसं एकमेकांचं काय लागतात, हा प्रश्न त्या खटल्यानं साऱ्या देशापुढे ठेवला. तो प्रश्न मला फार ओळखीचा वाटला. कारण तो आपण फार पूर्वी सोडवलेला आहे.

आमच्या रिसोडवरूनच शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते. मेडशी, शिरपूर, रिसोड असा तिचा मार्ग. सुमारे सातशे वारकरी, महिन्याभराची पायी वाट. लहानपणापासून आम्ही ती पाहत आलो. पण वारीच्या आतलं यंत्र मला कळलं ते निवृत्तीनंतर, आळंदीच्या माउलींच्या पालखीबरोबर काही मुक्काम चाललो तेव्हा. लाखो माणसं, उन्हापावसाची वाट, पाणी, जागा, रांग, मान, पुढे कोण मागे कोण. भांडणाला कारणं हवी तेवढी. दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी असते, तिला भिशी म्हणतात. म्हणजे पैशांची सोय झाली. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, जागा ठरलेली आहे. म्हणजे मानाची सोय झाली. पण तक्रारीची सोय काय?

ती मी वाल्हे मुक्कामी पाहिली. संध्याकाळी पालखी तळावर आली की समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा गजर चाललेला असतो. मग चोपदार हातातला दंड उंच करतात. आणि काय आश्चर्य, तो प्रचंड आवाज एका क्षणात थांबतो. पण एखाद्या दिंडीला काही तक्रार असेल, तर त्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यातून टाळांचा आवाज. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते ऐकून घेतात, तोड काढतात. समाधान झालं की ते टाळही थांबतात. हरवल्या-सापडल्याची माहिती सांगितली जाते आणि मग आरती होते.

हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरचे सरदार. लष्करातला माणूस, त्यामुळे चिनी पोरांसारखाच त्यांच्या आराखड्यातही लढाईचा अभ्यास असणार. पण केवढी समज! तक्रार करणाऱ्याला ओरडावं लागत नाही, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, अपमान होत नाही. फक्त टाळ वाजवत राहायचं. आणि तक्रार मनात ठेवून कुणी आरतीला उभं राहू नये, याची काळजी त्याच संध्याकाळी घेतली जाते. सस्पेन्स खात्यात रात्रीचा मुक्काम नाही.

अर्थात नुसत्या नियमांनी सगळं भागतं असंही मी म्हणणार नाही. तसं म्हणायला मी वाशीम जिल्ह्यातला नसायला हवं. शेगावची पालखी ज्या शिरपुरावरून जाते, तिथं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं जैन मंदिर आहे. दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्ही पंथांचे यात्रेकरू देशभरातून तिथं येतात. पूजेच्या रीती वेगळ्या, म्हणून १९०५ साली दोन्ही पंथांनी बसून पूजेच्या वेळांचं वेळापत्रक ठरवलं. कागदावर पाहिलं तर किती शहाणपणाची तोड! पण वाद थांबला नाही. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिथला निकाल १९२९ चा. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं. ते उघडलं २०२३ च्या मार्चमध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, चार दशकं उलटल्यावर. कोणाचं बरोबर हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की वेळापत्रकानं दिवसाचे तास वाटता येतात. पण मतभेद तासांचा नसतोच बऱ्याचदा. ही जागा माझीही आहे, मलाही विचारलं पाहिजे, हे त्याच्या मुळाशी असतं.

मदुरेच्या गच्चीवरचा प्रश्नही कन्याकुमारी की तिरुपती हा नव्हता. आईला कुणी विचारलं नाही, हा होता. आणि विचारायचं काम मित्राचं नव्हतं. आई माझी होती. तिचा ‘तुमी न्याल तिकडं’ म्हणजे नकार आहे, हे त्या अकरा जणांत फक्त मला कळत होतं. टाळ वाजवत राहायला हवे होते ते मी. केळ्यांच्या घडाची नोंद करणाऱ्या माणसानं तेवढी एक नोंद चुकवली, आणि पुढे तीस वर्षं ती मित्राच्या नावे टाकली.

रिसोडहून परतल्यावर चार दिवस मी फोनजवळ घुटमळलो. पाचव्या दिवशी अमरावतीला फोन लावला. इकडच्या-तिकडच्या चौकशा झाल्या. मग मी सांगून टाकलं. म्हटलं, त्र्याण्णव साली मदुरेला तू कन्याकुमारी रद्द केलीस, त्याचा मला राग आला होता. आईला ती पाहायची होती.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

“तू बोलला काहून नाही?” तो म्हणाला. “तू नुसतं ‘आईले जाचं आहे’ म्हटलं असतं ना, तर मी बायकोले समजावलं असतं. नवस काय, पुढच्या वर्षी फेडला असता. मले वाटलं तुयी रजा संपत आली, तुलेच घाई आहे. तुयासाठीच तर बोललो होतो मी बाप्पा, निम्मं.”

मी गप्प.

मग तो म्हणाला, “मी काय समजत होतो सांगू? तुले प्रमोशन भेटलं, मले नाही भेटलं. म्हणून तू मोठा साहेब झाला, आता आपल्या घरी कायले येते, असं समजत होतो मी. आई गेल्या तेव्हा आलो होतो. तू धड बोलला नाही. त्या दिवशी बायकोले म्हटलं, साहेबाच्या घरी आता नाही जाचं.”

म्हणजे माझ्या एका ‘चालेल’नं एक नाही, दोन खोट्या नोंदी झाल्या होत्या. एक माझ्या वहीत, एक त्याच्या. दोघंही हिशेबातले माणूस, आणि तीस वर्षांत एकदाही वह्या समोरासमोर ठेवून ताळा घेतला नाही.

शेवटी तोच म्हणाला, “आता माये गुडघे गेले, तुयी शुगर आहे. तरी बोल, जाचं काय कुठी?”

जिभेच्या टोकावर तो शब्द आलाच होता. सवय ती सवय. गिळला.

“कन्याकुमारी,” मी म्हटलं. “दिवाळीनंतर. आणि रात्रीची बस नको.”

“आणि येतायेता तिरुपती?”

“तिरुपतीला तू जा. मी खाली स्टेशनवर पेपर वाचत बसेन.”

तो एवढ्या जोरात हसला की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. डॉक्टरीण म्हणते, तिकिटं ती फोनवरून काढून देईल, दोघांच्या आपापल्या पैशांनी. मी मात्र एक जुनी जमाखर्चाची वही शोधून ठेवली आहे.